सेतुमामांची दुसरी कोठी

संगणक उघडण्याआधी सेतुमामा खिडकीच्या गजाला हात लावायचे. अंगातली स्थिर वीज उतरून जावी, आतल्या नाजूक भागांना तिचा झटका बसू नये, एवढंच त्यामागचं कारण. पण गज धरल्यावर ते दोन क्षण डोळेही मिटायचे, त्यामुळे नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, रायर देवाचं नाव घेताहेत. तिकडे मराठी माणसाला रायर म्हणतात. मामा कुणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसत. नमस्कार केला की काम बरं होतं, एवढं म्हणून ते स्क्रूड्रायव्हर उचलायचे.

मागच्या महिन्यात त्यांच्या मुलाचा, मुकुंदचा, कोइमतूरहून फोन आला. मामा गेले होते. मामी आता त्याच्याकडे असतात. तो म्हणाला, "मेधाक्का, अप्पांवर दोन पानं मराठीत लिहून द्या. आमच्यात लिहिता येणारं कोणी उरलं नाही." मी दोन पानं लिहून पाठवली. छान झाली होती, सगळ्यांना आवडली म्हणे. त्यात खिडकीचा गज होता, मामांचा मऊ स्वभाव होता, त्यांनी मला किती जीव लावला तेही होतं. मी त्यांचं काय केलं, ते त्यात नव्हतं. ते इथे लिहिते.

कुंभकोणमला माझी बँकेत बदली झाली तेव्हा मी तिशीची होते आणि पुण्याची होते. पुण्याची म्हणजे, दुसऱ्याची मराठी दुरुस्त करणं हे आपलं जन्मजात काम आहे अशा समजुतीत वाढलेली. शाखेतला शिपाई म्हणाला, तुमची भाषा बोलणारं एक घर आहे, वरचा मजला रिकामा आहे. मी पोहे आणि चहाच्या आशेनं गेले. दारात पांढरी वेष्टी दुमडून उभे असलेले सडसडीत गृहस्थ म्हणाले, "ये की. महाराष्ट्रांतलीच नव्हे तू? कॉफी पीतेस की?" ऐकून मला हसू आवरेना. मराठेशाहीत ह्यांचे पूर्वज तंजावर मुलखात आले ते तिथेच राहिले, आणि त्यांची मराठीही त्या काळातच राहिली. त्यात तमिळ शब्द मुरलेले, आणि सूरही तमिळ. मी सामान आणायच्या आधीच बहिणीला फोन करून त्यांची नक्कल ऐकवली.

पहिल्याच सकाळी फजिती झाली. मामा खालून ओरडून म्हणाले, "गच्चीवरची टाकी पळिव." मला ऐकू आलं 'पळव'. टाकी कशी पळवणार? म्हणजे पंप चालव असेल, म्हणून मी बटण दाबलं. टाकी आधीच भरलेली होती. पाणी जिन्यावरून उतरत खालच्या अंगणात गेलं आणि मामींची नुकती घातलेली रांगोळी वाहून गेली. मामी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मामा मात्र गंभीरपणे जिन्यात आले आणि मला समजावून सांगू लागले. "पळिव म्हणजे डोळ्याने पळिव. मी पळिवतों, तू पळिवतेस. तुम्ही काय म्हणतां त्याला?"

"बघ म्हणतो आम्ही."

"बघ," ते म्हणाले आणि दोनदा तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. "चांगला आहे. पण लहान आहे."

हा किस्सा मी किती जणांना सांगितला त्याला गणती नाही. बँकेत सांगितला, पुण्याला प्रत्येक खेपेला सांगितला. माझी बहीण अजून फोनवर 'जेवण पळिवलंस का' म्हणून खिदळते. मी त्या घरात तीन वर्षं राहिले आणि तो शब्द दिवसातून दहा वेळा ऐकला. त्याचा अर्थ मला माझ्या नावाइतका ठाऊक होता. एवढं वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

मामा एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीत टेबल टाकून ते संगणक दुरुस्त करू लागले. दुरुस्ती म्हणायचे नाहीत, "सोय करून देतों" म्हणायचे. पापनाशम् आणि तिरुभुवनम्‌हून लोक पिशवीत घालून यंत्रं आणत. उघडलेल्या यंत्राचे स्क्रू ते जुन्या इडलीपात्राच्या खळग्यांत ठेवायचे. पहिल्या खळग्यात झाकणाचे, दुसऱ्यात पंख्याचे, असं ओळीनं, आणि बंद करताना उलट्या ओळीनं. एक खळगा कायम रिकामा ठेवायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "जास्तीचा एखादा उरतो, त्याच्यासाठी."

गिऱ्हाइकांशी ते तमिळ बोलत. पण ते टेबल घराच्या आत होतं, आणि घरात मराठीच बोलायची असा त्यांचा नेम होता. तेव्हा गिऱ्हाईक गेलं की यंत्राच्या भागांना घरची नावं सुरू व्हायची. छोट्या संगणकाला डबी. पंख्याला वारा. तारेला शेपूट. हार्ड डिस्कला कोठी, कारण वर्षाचं सगळं त्यात भरून ठेवायचं असतं. मला ही नावं ऐकून गुदगुल्या व्हायच्या. मी एकदा म्हटलं, मामा, डिस्कला आम्हीसुद्धा डिस्कच म्हणतो. ते म्हणाले, "तुमच्याकडे पुष्कळ लोक हायत. तुम्ही एक शब्द सोडलां तर कांही होत नाहीं. आम्ही सोडलों तर तो गेलाच."

त्यांचा आणखी एक नियम होता. चुकलं की हात वर. काम करताना काही बिघडलंसं वाटलं, तर आधी दोन्ही हात खांद्याच्या वर न्यायचे, मग शेपूट काढायचं, आणि त्यानंतर विचार करायचा. घाईघाईने निस्तरायला गेलेला माणूस चुकीवर चूक चढवतो, असं त्यांचं म्हणणं. स्वामीमलैच्या एका मूर्तिकाराचा संगणक ते साफ करत होते, तेव्हा तार खोचायची एक खाच त्यांच्या हातून मोडली. मी समोरच बसले होते. मामांचे हात वर गेले. मग त्यांनी शर्ट चढवला आणि बस पकडून थेट स्वामीमलैला गेले. मूर्तिकाराच्या कारखान्यात उभं राहून, कामगारांदेखत, माझ्या हातून मोडलं म्हणून सांगून आले. मी म्हटलं, "फोन केला असता तरी चाललं असतं. आणि त्याला कळलंही नसतं, तो भाग त्याला लागतच नाही." मामांना माझं म्हणणं समजलंच नाही. ते म्हणाले, "मज कळलं नव्हे?"

मामी निराळ्या. बुटक्या, ठसठशीत, बोलण्यात कुणाला हार न जाणाऱ्या. 'केव्हा'ला त्या 'केम्मा' म्हणायच्या. मी एकदा सुधारायला गेले, तर विळीवरून मान न उचलता म्हणाल्या, "तुम्ही पुण्याचे लोक पळत पळत बोलतां. आमची अक्षरं आम्ही बसून बोलतों." मामांना ह्या बोलण्याचा फार अभिमान. रोज दुपारी मामी भाजी चिरायला बसल्या की ते एक छोटं ध्वनिमुद्रण यंत्र शेजारी ठेवून द्यायचे. आमच्या बोलीचे शब्द गोळा करतों, म्हणायचे. शब्द त्यांनाही येत होते, पण ते म्हणायचे, माझ्या बोलण्यात कॉलेजातलं तमिळ शिरलंय, हिचं सोवळं आहे. अशी सात-आठ वर्षांची मुद्रणं त्यांनी जमवली होती. डांगर कसं कालवायचं, नणंदेनं लग्नात काय आगळीक केली, अंबट भाजीत गूळ घालणाऱ्या बायकांविषयी मामींचं मत, सगळं त्यात होतं. पहिली वर्षं मामी यंत्राकडे संशयानं बघत. पुढे त्या त्याच्याशीच बोलू लागल्या.

माझ्या दुसऱ्या वर्षात मामींना अर्धांगाचा झटका आला. हात-पाय महिन्या-दोन महिन्यांत बरेच सुधारले. बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण तोंडाशी शब्द यायचा नाही. बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या, अतिशय मायाळू होत्या, पण तमिळ. मामी जन्मभर बाजारात तमिळ बोलल्या होत्या, तरी त्या बाईंच्या तोंडाकडे नुसत्या बघत राहायच्या. एके दिवशी मामांनी सहज जुनं मुद्रण लावलं. मामींचाच आवाज खोलीत घुमला, कुठल्याशा आमटीविषयी. आणि मामींचे ओठ त्याबरोबर हलू लागले.

त्यानंतर रोज दुपारी चारला मामा त्यांना खुर्चीत बसवून एक मुद्रण लावत. एकेक वाक्य, मग थांबवायचं, मग पुन्हा. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, हेच चालू ठेवा, ह्यानंच येईल. तिसऱ्या आठवड्यात मामी 'मीठ' म्हणाल्या. मी बँकेतून येत होते, तर मामा मला गल्लीच्या तोंडाशी भेटले, अनवाणी. "मीठ म्हणाली," ते म्हणाले. पुढे 'ऊन' आलं, मग 'पुरे' आलं. असे नऊ-दहा शब्द आले.

ही सगळी मुद्रणं मुकुंदच्या एका जुन्या लॅपटॉपमध्ये होती, आणि तो शेवटच्या घटका मोजत होता. मध्येच बंद पडायचा, तापायचा. मुकुंदने कोइमतूरहून एक नवा छोटा संगणक पाठवला. पाठ्यपुस्तकाएवढी डबी. तिच्यात स्वतःची एक लहानशी कोठी होती, आणि शेजारी आणखी एका कोठीपुरता रिकामा कप्पा. मामांनी बेत केला की लॅपटॉपमधली कोठी काढून त्या कप्प्यात बसवायची आणि मुद्रणांची एक प्रत नव्या कोठीतही करून ठेवायची. "एका घरांत दोन कोठ्या. एक जळाली तर दुसरी राहील." इतकी वर्षं दुसऱ्यांना हे सांगत आलों आणि स्वतःच्या घरांत केलों नाहीं, असं म्हणून ते जरा शरमलेही.

नुकतीच त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. बोटांना सगळं दिसत होतं, पण पडद्यावरची बारीक अक्षरं लागत नव्हती. म्हणून त्या रविवारी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. आतलं काम ते करणार, पडद्याकडे मी बघणार.

मी गेले, पण फोन घेऊन गेले. बहिणीचा साखरपुडा ठरला होता आणि तिला तिरुभुवनम्‌चं रेशीम हवं होतं. आदल्या दिवशी मी तिथे जाऊन साड्यांचे फोटो काढून पाठवले होते, आणि आता पुण्यात जांभळी की मोरपंखी यावर खल चालला होता. मामांनी गज धरला. झाकणाचे स्क्रू पहिल्या खळग्यात गेले. लॅपटॉपमधली तळहाताएवढी कोठी त्यांनी दोन बोटांनी धरून कप्प्यात सरकवली, टक् आवाज झाला, आणि ते समाधानाने हसले. झाकण न लावताच त्यांनी डबी सुरू केली. तेवढ्यात आतून मामींनी घंटी वाजवली. उठता उठता मामा म्हणाले, "आतां ती कांही तरी विचारील. काय विचारते ते पळिव. मी हिला इडली देऊन आलों."

जुन्या लॅपटॉपवर मामांनी फुकट मिळणारी वेगळी प्रणाली घातली होती. त्या पद्धतीनं भरलेली कोठी ह्या नव्या डबीला वाचता येणार नव्हती, आणि वाचता येत नाही तर पुसून स्वच्छ करू का, असं ती विचारणार होती. मामांना ते ठाऊक होतं. नको म्हणायचं आणि मग दुसऱ्या वाटेनं आत शिरायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पडद्यावर चौकट आली. माझ्या डाव्या हातातल्या फोनवर मोरपंखी साडी होती. मी उजव्या हाताने 'हो' दाबलं. डबीने बजावलं की आतलं सगळं जाईल, चालेल का. तेही मी न वाचता 'हो' केलं. बँकेत दिवसभर असल्या चौकटी येतात, त्या आपण वाचतो थोड्याच. बहिणीला 'मोरपंखीच घे' असं लिहून मी वर बघितलं तर कोठी उघडली होती आणि तिच्यात काही नव्हतं.

तेव्हा मी हात वर करायला हवे होते. मामा वीस पावलांवर होते. पण मला वाटलं, ते यायच्या आत परत आणता येईल. मी इंटरनेटवरून पुसलेलं परत मिळवून देणारा कुठलासा फुकट प्रोग्राम उतरवला, आणि उतरवला तो त्याच रिकाम्या कोठीत. सापडेल ते साठवायची जागा म्हणूनही तीच निवडली. पट्टी सरकत होती, नावं येत होती, उघडून बघावं तर आत खरखर. मग घाबरून मी तो प्रोग्राम काढून टाकला आणि सगळ्या खुणा पुसल्या. एकदा पुसलं होतं, ते मी दुसऱ्यांदा पुसलं.

मामा हात पुसत आले. "पळिवलीस की? काय विचारली ती?"

मी बाजूला सरकले. त्यांनी भिंग काढलं, पडद्याला नाक लावून पाहिलं, आणि तसेच वाकून राहिले. "रिकामी हाय ही," ते म्हणाले.

मी बोलले तेव्हा माझा आवाज मला फार स्वच्छ ऐकू आला. "तुम्ही पळव म्हणालात ना, मामा. आमच्याकडे पळव म्हणजे चालव. ती विचारेल ते चालव, असं वाटलं मला."

"मी पळिव म्हणालों."

"मला पळव ऐकू आलं."

ते सरळ झाले. माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते टाकीची आठवण काढतील, दोन वर्षांची आठवण काढतील. त्यांनी टाकीची आठवण काढली, पण माझ्या बाजूनं. "हां. तेम्माही तुज तसंच ऐकू आलं होतं. माझी चूक. असल्या कामांत घरचे शब्द घालूं नयेत. स्पष्ट सांगायचं होतं." मग त्यांचे दोन्ही हात वर गेले, आणि त्यांनी शेपूट उपटलं.

चेन्नईला असं पुसलेलं परत मिळवून देणारा एक ओळखीचा माणूस होता. मामांनी उभ्या उभ्या त्याला फोन लावला आणि तमिळमध्ये सगळं सांगितलं. तो म्हणाला, पुसल्यावर त्यावर काही लिहिलं नसेल तर बहुतेक सगळं मिळेल. मामांचा चेहरा उजळला. फोनवर हात धरून त्यांनी मला विचारलं, "तू नंतर कांही केली नाहींस नव्हे? त्याच्यावर कांही घातली नाहींस?"

हा प्रश्न सरळ होता. त्यात न कळण्यासारखा एकही शब्द नव्हता.

"नाही," मी म्हटलं.

कोठी चेन्नईला गेली. दोन आठवड्यांनी त्या माणसाचा फोन आला तेव्हा मी जिन्यात चप्पल घालत होते. एव्हाना मला तमिळ समजत होतं. तो म्हणत असावा की कुणीतरी वर लिहिलंय, म्हणून सगळं गेलं. कारण मामा म्हणत होते, नाही, कोणी हात लावला नाही, घरात ती मुलगीच होती आणि ती नाही म्हणाली. पुन्हा म्हणाले, ती खोटं सांगणाऱ्यातली नाही. मी चप्पल हातात घेऊन जिना चढून परत वर गेले आणि त्या दिवशी उशिरा बँकेत पोचले.

परत आले ते चार तुकडे, तेही अर्धे. एकात मामी शिंकल्या होत्या. मामांनी मुकुंदला सांगितलं, माझ्या बोलण्याची चूक झाली, तिला दोष देऊ नको. शेजाऱ्यांना, व्यायामाच्या बाईंना, सगळ्यांना तेच. आणि त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलताना 'पळिव' म्हणेनासे झाले. 'बघ' म्हणायचे. आठवण ठेवून, एक क्षण थांबून म्हणायचे. मी एकदा धीर करून म्हटलं, "मामा, तुमचा शब्दच म्हणा ना." ते हसून म्हणाले, "नको. एकदां पुरे."

दुपारचे चार वाजले की मामी आपण होऊन खुर्चीत येऊन बसायच्या आणि डबीकडे बघत राहायच्या. मामांनी स्वतःच्या आवाजात वाक्यं म्हणून पाहिली. मामी त्यांच्याकडे कौतुकाने बघत, ओठ हलवत नसत. आलेले शब्दही एकेक करून जाऊ लागले. 'ऊन' गेलं. 'पुरे' गेलं. 'मीठ' हातात मीठ दिलं तरी येईना.

एका संध्याकाळी मामा वर माझ्या खोलीत आले. दोन वर्षांत पहिल्यांदा. दारातच उभे राहून म्हणाले, "एक मागतों, नाहीं म्हणूं नको. हिला बाईमाणसाचा आवाज लागतो असं वाटतं. मराठी आवाज. मुकुंदच्या बायकोला येत नाहीं. तू हिच्याशी बोलतेस की?"

मी गेले. शनिवार-रविवारी चारला आणि इतर दिवशी संध्याकाळी साडेसहाला मामींच्या समोर बसू लागले. मामांनी एका वहीत घरची वाक्यं काढून दिली होती, देवनागरीत, कष्टानं जुळवून. मला ती हुबेहूब म्हणता आली असती. दोन वर्षं मी नक्कल करून पुण्याला हसवत होते, मामींच्या सुराचा प्रत्येक हेलकावा माझ्या जिभेवर होता. पण मामींच्या तोंडावर तो सूर काढायला गेले की मला त्यात माझ्या बहिणीचं हसू ऐकू यायचं आणि माझी जीभ जड व्हायची. मी वाक्य पुन्हा पुन्हा अडखळत म्हणायची. शेवटी मामाच म्हणाले, "तुझंच बोल. पुण्याचं चांगलं असतं, शुद्ध असतं. हिला आलं म्हणजे झालं." आणि त्यांनी वही मिटून ठेवली.

मी माझं बोलले आणि मामींना ते येऊ लागलं. आधी 'पाणी', मग 'बसा', मग 'नको बाई'. 'नको बाई' हे माझं होतं, मामी तसं कधी म्हणत नसत. आठव्या महिन्यात मामा कॉफी घेऊन आले, तेव्हा मामींनी मुकुंदनं पाठवलेल्या डबीकडे बोट दाखवून विचारलं, "मुकुंद केव्हा येणार?"

अख्खं वाक्य. आणि 'केव्हा'. सदाशिव पेठेत शोभेल असं, पळत पळत म्हटलेलं. मामा कॉफी खाली ठेवून भिंतीला टेकले आणि उघड उघड रडले. मीही रडले. माझ्या रडण्याचा अर्थ त्यांनी चांगलाच घेतला.

त्यानंतर माझी बदलीची ऑर्डर आली. सांगायचं, जायच्या आधी सांगायचंच, असं मी रोज ठरवायची. वाक्यसुद्धा तयार होतं. मामा, मला तो शब्द कळत होता, मी ऐकलंच नव्हतं, आणि नंतर मी लिहिलंही होतं. तीनच तुकडे. आज सांगितलं तर संध्याकाळी ते मामींशी बोलायला मला कोणत्या तोंडाने बोलावतील, असं कारण मी देत राहिले. शेवटच्या दिवशी तेही कारण उरलं नव्हतं.

रिक्षा दारात उभी होती. मामींना त्यांनी बाहेर ओट्यावर खुर्ची आणून बसवलं होतं. सामान ठेवून मी दोघांना वाकून नमस्कार केला. मामींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एकेक शब्द वेचत, माझ्याच सुरात म्हणाल्या, "नीट जा. पोचलीस की फोन कर."

मामा माझ्याकडे वळले. मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते, पहिला शब्द ओठांवर होता. पण त्यांनी हात जोडले. माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी मोठा माणूस, भर रस्त्यात, हात जोडून म्हणाला, "हिचं बोलणं तू परत आणलीस. हे आम्ही विसरणार नाहीं."

रिक्षावाला वाट बघत होता. मामी हसत होत्या.

मी म्हटलं, "त्यात काय एवढं, मामा."